षड्डू ठोकायचा की अंग चोरायचं?

गेल्या महिन्यात आमच्या सांगलीत एका पूल क्लबाबाहेर दोन पोरांची हाणामारी झाली. पूल म्हणजे टेबलावरचे बॉल काठीनं, क्यूनं, कडेच्या पॉकेटांत घालायचा खेळ. भांडण पैजेच्या ३,५०० रुपयांचं. एकाच्या कपाळाला चार टाके पडले, दोन्ही घरच्यांनी प्रकरण मिटवलं, पण बातमी विश्रामबागेपासून हरिपूरपर्यंत पोचलीच. तेव्हापासून कट्ट्यावर, चहाच्या गाड्यावर, लग्नाच्या पंगतीत एकच वाद ऐकतोय. एक बाजू म्हणते, पूल क्लब म्हणजे अड्डे, पोरं नासतात, सगळ्यांना टाळं ठोका. दुसऱ्या बाजूला माझे पंचवीस वर्षांचे सवंगडी आहेत. ते म्हणतात, हा कौशल्याचा खेळ आहे, पैसे लावले म्हणून तो जुगार होत नाही. उलट पैसे लागतात म्हणूनच पोरं जीव ओतून खेळतात. पहिल्या बाजूनं कधी क्यू हातात धरलेला नाही, त्यामुळे तिच्यावर मी रागावत नाही. दुसऱ्या बाजूला खेळ माहीत आहे. म्हणून तिची चूक मला जास्त लागते.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. पैसे लावून खेळण्यानं पूलचं नुकसान होतं. पोरांचं आणि घरांचं काय होतं त्यावर बोलायला माणसं पुष्कळ आहेत. ऋग्वेदातल्या अक्षसूक्तातच सांगून ठेवलंय, ‘अक्षैर्मा दीव्यः कृषिमित्कृषस्व’, फासे खेळू नकोस, शेतीच कर. हा उपदेश जुगाऱ्याला आहे आणि तो खरा आहे, पण माझी काळजी दुसरी आहे. मला खेळाची काळजी आहे. ज्याच्या अंगात कसब आहे त्यानं ते चारचौघांत दाखवावं, यावर कुठलाही खेळ उभा असतो. पैज खेळाडूला ते कसब लपवायला शिकवते. बाकी सगळे तोटे मला यातूनच निघालेले दिसतात.

आता समोरच्यांचं जे खरं आहे ते मान्य करू, आणि ते थोडंथोडकं नाही. ‘पूल’ या शब्दाचाच अर्थ सगळ्यांनी मिळून पणाला लावलेली रक्कम. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत पूलरूम म्हणजे घोड्यांच्या शर्यतींवर पैसे लावायची जागा. दोन शर्यतींमधला वेळ जावा म्हणून मालकांनी तिथं बिलियर्डची टेबलं टाकली आणि जागेचं नाव खेळाला चिकटलं. आपल्या देशातली गोष्टही वेगळी नाही. स्नूकर जन्मला १८७५ साली, जबलपूरच्या लष्करी छावणीत. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण ब्रिटिश अधिकाऱ्यानं ‘ब्लॅक पूल’ नावाच्या खेळात आणखी रंगीत बॉल घातले. पुढे १८८२ साली उटीच्या क्लबात त्याचे नियम पक्के झाले. आणि ब्लॅक पूल हा पैसे लावून खेळायचाच खेळ होता. तेव्हा ‘पैसा आला आणि खेळ बाटला’ असं जो म्हणतो त्याला या खेळाची कुळकथा माहीत नाही. इथं पैसा आधी आला, खेळ त्याच्या मागून आला.

पण जन्माच्या वेळची नाळ कुणी जन्मभर बाळगतं का? क्रिकेटकडं बघा. १७२७ साली इंग्लंडमध्ये रिचमंडचा ड्यूक आणि ब्रॉड्रिक या दोन बड्यांनी आपल्या संघांच्या सामन्यांसाठी लेखी करार केला. सामन्यांवर मोठ्या रकमा लागत, मागाहून भांडण नको म्हणून अटी कागदावर आणल्या. क्रिकेटच्या सगळ्यात जुन्या लेखी नियमांत हा कागद मोडतो. म्हणजे पैजेनं क्रिकेटला नियम दिले, हे उपकार नाकारता येत नाहीत. पण त्याच क्रिकेटला पुढं काय करावं लागलं? लॉर्ड्सच्या मैदानावर बुकी उघड बसत. १८१७ साली विल्यम लॅम्बर्ट या त्या काळच्या आघाडीच्या फलंदाजावर सामना मुद्दाम सोडल्याचा आरोप आला आणि लॉर्ड्सचं दार त्याला कायमचं बंद झालं. बुकींनाही मैदानाबाहेर काढलं. क्रिकेट जगभर पसरलं ते त्यानंतर. पुढं २००० साली दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिएचं मॅच-फिक्सिंगचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा आमच्या गल्लीत किती घरांत क्रिकेट बघणं बंद झालं ते मी पाहिलंय. लोक धावा विसरतात, हार विसरतात. आपण जे श्वास रोखून बघितलं ते आधीच ठरलेलं होतं, हे मात्र विसरत नाहीत.

दुसरा मुद्दा दडपणाचा, आणि तो खेळणाऱ्याच्या तोंडून येतो म्हणून मी त्याला मान देतो. फुकटच्या फ्रेममध्ये, म्हणजे डावात, जो शॉट डोळे झाकून जातो, तोच शॉट पाचशे रुपये लागले की लांब वाटायला लागतो. श्वास आखडतो, क्यू धरलेल्या हाताची मूठ नकळत घट्ट होते, क्यूच्या टोकाची टीप पांढऱ्या बॉलला मधोमध लागायची ती केसभर बाजूला लागते. हे सोसायची सवय झाल्याशिवाय खेळाडू तयार होत नाही, हे खरंच आहे. प्रश्न एवढाच की ही सवय फक्त आपल्या खिशातला पैसा लावूनच होते का? विली मॉस्कोनी या अमेरिकन पूल खेळाडूनं १९५४ साली ओहायोमधल्या स्प्रिंगफील्डला सलग ५२६ बॉल पॉकेटमध्ये घातले. पैज नव्हती, प्रदर्शनी सामना होता. समोर बसलेल्या लोकांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या. तो आकडा साठांहून अधिक वर्षं टिकला. समोर माणसं बसलेली आहेत, आकडा नावावर लिहिला जाणार आहे, चुकलो तर सगळ्यांसमोर चुकणार आहे, हे दडपण कमी असतं? बारावीच्या पेपरला कुठलं पोरगं पैसे लावून बसतं?

इथं खेळाच्या आतली एक गोष्ट सांगायला हवी, कारण वादात ती कुणीच बोलत नाही. पैज नुसती खेळाडूला बदलत नाही, खेळाचं रूपही बदलते. मॉस्कोनी जो खेळ खेळायचा त्यात प्रत्येक शॉटला कुठला बॉल कुठल्या पॉकेटमध्ये घालणार ते आधी सांगावं लागे आणि सामना १५० गुणांपर्यंत चाले. विसाव्या शतकाचा बराच काळ अमेरिकेत विजेतेपदं त्याच खेळात ठरत. हळूहळू त्याची जागा नाइन बॉलनं घेतली. यात लहान आकड्याच्या बॉलला आधी स्पर्श करायचा, आणि नऊ नंबर ज्याच्याकडून गेला तो जिंकला. रॅक, म्हणजे एक डाव, काही मिनिटांत संपते. टीव्हीला तो सोयीचा होता हे एक कारण. पण पैसे लावणाऱ्यांना तो त्याच्या कितीतरी आधीपासून सोयीचा होता. दर रॅकला हिशेब करता येतो, आणि नशिबानं गेलेला बॉलही मोजला जातो. नशिबाचा हा वाटा का हवा असतो? कच्च्या खेळाडूला मधूनमधून जिंकल्यासारखं वाटावं, म्हणजे तो खिशात हात घालत राहतो. नाइन बॉल मलाही आवडतो, त्यात थरार आहे. पण दीडशे गुणांच्या त्या लांब, शांत खेळाला सांगलीत आज खेळाडू मिळत नाही, आणि एका सलग डावात माणसाच्या डोक्याची जी मशागत व्हायची ती बंद पडलीय, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तिसरा मुद्दा म्हणजे एफ्रेन रेयेस. हे नाव आलं की माझे मित्र जिंकल्यासारखे हसतात. फिलिपिन्समधला हा माणूस गरिबीतून वर आला, लहानपणापासून पैसे लावून खेळला, १९९४ साली अमेरिकेची नाइन बॉलची यूएस ओपन जिंकणारा पहिला परदेशी खेळाडू ठरला, १९९९ साली नाइन बॉलचा जगज्जेता झाला. त्याच्यासारखा बॉल फिरवणारा दुसरा झालेला नाही असं अनेक जाणकार म्हणतात, मीही म्हणतो. पैजेनंच त्याला घडवलं की नाही, असा त्यांचा सवाल. माझा उलट सवाल ऐका. १९८५ साली रेयेस पहिल्यांदा अमेरिकेत पैसे कमवायला गेला तेव्हा तो कुठल्या नावानं खेळला? सीझर मोरालेस. स्वतःचं नाव सांगितलं असतं तर कुणी समोर उभं राहिलं नसतं, कारण त्याची कीर्ती त्याच्या आधी पोचलेली होती. जगातल्या सगळ्यात मोठ्या खेळाडूला आपलं नाव झाकून खेळावं लागलं. कुठल्या खेळात असं होतं? तोच रेयेस १९९६ साली हाँगकाँगमध्ये अमेरिकेच्या अर्ल स्ट्रिकलंडशी खेळला. १२० रॅक आधी जिंकेल त्याला एक लाख डॉलर, हरणाऱ्याला काही नाही. तीन दिवस चाललेला तो सामना रेयेसनं १२०-११७ असा जिंकला. तिथं तो स्वतःच्या नावानं उभा होता, समोरच्याचं नावही जगाला माहीत होतं, लपवण्यासारखं कुणाकडंच काही नव्हतं. रेयेसचे चाहते म्हणून आपण कुठला सामना आठवतो? मोरालेसनं ह्यूस्टनमध्ये कुणाला लुटलं ते, की हा?

आमच्याकडं परदेशी दाखल्यांची गरज नाही, दाखला दारात आहे. तीन वर्षांपूर्वी आमच्या क्लबात एक पोरगा यायला लागला. वडील मार्केट यार्डात हळदीची पोती उचलतात. दुपारी क्लब रिकामा असताना हा एकटाच खेळायचा. कोपऱ्यातून कोपऱ्यात असे बॉल घालायचा की टेबल सांभाळणारा मार्कर बॉल लावायचं विसरून बघत बसे. पांढरा बॉल पुढच्या बॉलच्या मागं नेमका येऊन थांबायचा, जणू कुणी हातानं ठेवलाय. आणि संध्याकाळी गिऱ्हाईक आलं की त्याच पोराचा बॉल पॉकेटच्या ओठावर येऊन अडायचा. एकदा अडला, दोनदा अडला, मला कळेना. मग बारकाईनं बघितलं. बॉल ओठावर थांबवण्यासाठी जो वेग लागतो तो घालण्याच्या वेगापेक्षा कितीतरी अवघड असतो. पोरगा चुकवण्याचा सराव करत होता. तीन फ्रेम थोडक्यात हरायच्या, समोरच्यानं रक्कम वाढवली की चौथी थोडक्यात जिंकायची. त्याच्या हातात देवानं जे दिलं होतं ते सगळं तो ‘थोडक्यात’ या एका शब्दावर खर्च करत होता. मी पुण्यातल्या एका स्पर्धेचा फॉर्म आणला, फी मी भरतो म्हणालो. तो म्हणाला, “नगं काका. तिथं जिंकलो तर फोटू येईल, सगळ्यांस्नी कळंल. मग हितं माझ्यासंगं पैसं लावून खेळणार कोण?”

एकोणीस वर्षांचं पोर. त्याचं गणित चुकलेलं नाही, हेच सगळ्यात वाईट आहे. पैजेच्या बाजारात नाव होणं म्हणजे धंदा बसणं.

याच्या शेजारी आता कुस्ती ठेवा. खेळ म्हणजे काय हे आमच्या मुलखाला कुस्तीनं शिकवलंय. कुंडलच्या मैदानात पैलवान येतो तेव्हा पोस्टरवर त्याचं नाव असतं, वस्तादाचं नाव असतं, तालमीचं नाव असतं, इनामाचा आकडा असतो. तो अंग उघडं करतो, लाल माती अंगाला लावतो, षड्डू ठोकत मैदानाला फेरी मारतो. मी असा आहे, एवढा आहे, कुणात दम असेल त्यानं यावं. पंच जोड लावतात ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, तोलामोलाची. आता सांगा, कुस्तीत पैसा नाही? लाखांची इनामं लागतात. तरीही त्या पैशानं कुस्ती बिघडते असं आमच्याकडं कुणी म्हणत नाही. का? कारण इनाम बाहेरून येतं. गाव वर्गणी काढतं, यात्रा कमिटी देते, कुणी हौशी बागायतदार देतो. तो पैसा हरणाऱ्याच्या खिशातून काढलेला नसतो, म्हणून पैलवानाला कच्चा प्रतिस्पर्धी शोधायची गरज पडत नाही. त्याला मोठी जोड हवी असते, कारण मोठ्या जोडीला मोठं इनाम. पूलच्या टेबलावर हे नेमकं उलटं होतं. तिथं प्रत्येकाला आपल्याहून कच्चा हवा असतो, म्हणजे बकरा. आणि कुस्तीतही जिथं आतून ठरवाठरवी झाली तिथं आपल्या भाषेनं त्याला लगेच वेगळं नाव दिलं, नुरा कुस्ती. पहिल्या दोन मिनिटांत पब्लिकला वास येतो आणि माणसं उठून चालू लागतात. इनाम आणि पैज, हे दोन पैसे वेगळे आहेत. आमच्या वादात दोन्ही बाजू त्यांना एकच समजतात. एक दोन्हींना शिव्या घालते, दुसरी दोन्हींची वकिली करते.

हा फरक आता कायद्यानंही केलाय. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली, खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. पण त्याच कायद्यानं ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली, आणि तिथं प्रवेश फी चालते, कामगिरीवर बक्षीसही चालतं. पैज मात्र चालत नाही. मोबाइलवरच्या पूलबद्दल सरकारला जे उमगलं ते खऱ्या टेबलाबद्दल आपल्याला उमगायला हरकत काय?

माझे मित्र कोर्टाचा हवाला देतात. १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळांना लागू होत नाही, आणि १९६८ साली सर्वोच्च न्यायालयानं रमीला कौशल्याचा खेळ म्हटलं. बरोबर. पण त्याच निकालात न्यायालयानं हेही म्हटलंय की जागेचा मालक पैशांच्या डावातून नफा काढत असेल किंवा आडून दुसरा जुगार चालत असेल, तर गुन्हा होऊ शकतो. शिवाय टेबलाभोवती उभे राहून दुसऱ्याच्या शॉटवर पैसे लावणाऱ्याचं कौशल्य ते कुठलं? आणि कायद्याचा जो भाग खरोखर आपल्या डोक्याला टाके घालतो तो कुणी वाचतच नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या तिसाव्या कलमानुसार पैजेचा करार रद्दबातल असतो. जिंकलेले पैसे कोर्टातून वसूल करता येत नाहीत. मग वसुली कशी होते? आधी टोमण्यानं, मग मित्रांना घेऊन, मग क्यूच्या जाड बाजूनं. त्या दिवशी क्लबाबाहेर जे झालं त्याला दोन पोरांचा तापट स्वभाव एवढंच कारण पुरत नाही. ज्या देण्याला कायद्याचा आधार नाही ते देणं शेवटी मनगटावरच येतं, माणसं कितीही चांगली असोत.

यावर कुणी म्हणेल, मग पैजेला परवाना द्या, देखरेख ठेवा. ही कल्पनाही जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्यूताध्यक्ष आहे. जुगार एकाच ठिकाणी चालवायचा, जिंकलेल्या रकमेतले शेकडा पाच सरकारनं घ्यायचे. पण कौटिल्याचा हेतू काय होता? महसूल मिळावा आणि चोरटे एका छपराखाली सापडावेत. फाशांचा खेळ सुधारावा असं काही त्याच्या मनात नव्हतं, आणि सुधारलाही नाही. आजचा दाखला हवा असेल तर व्यावसायिक स्नूकर घ्या. तिथं देखरेख आहे, परवानाधारक सट्टा कंपन्या आहेत, स्पर्धांना त्यांचं प्रायोजकत्वही असतं. तरी २०२३ साली सामने ठरवून खेळल्याच्या प्रकरणात दहा चिनी खेळाडूंवर बंदी आली, त्यांतल्या दोघांवर आजन्म.

सगळ्यात मोठा आक्षेप पैशाचाच आहे आणि तो टाळून चालणार नाही. स्पर्धांना बक्षिसं तुटपुंजी, प्रायोजक नाहीत, मग चांगल्या खेळाडूनं खायचं काय? हा प्रश्न विचारणाऱ्याच्या पोटात कळ आहे, म्हणून उत्तर नीट द्यायला हवं. पैज नवा पैसा आणत नाही. दहा जण महिनाभर आपापसांत पैसे लावून खेळले तर त्यांच्यात फिरणारी रक्कम तेवढीच राहते, त्यातून टेबलाचं भाडं मात्र वजा होतं. एखाद-दुसरा कमावतो, बाकीचे गमावतात. आणि गमावणारे बहुतेक नवे असतात, कालपरवा हातात क्यू घेतलेले. तीन महिने मार खातात आणि येणं बंद करतात. आमच्याकडं कितीही नड आली तरी बेण्याचा ऊस कुणी गुऱ्हाळाला घालत नाही. पूलमध्ये आपण वर्षानुवर्षं तेच करत आलोय, आणि पुन्हा विचारतो की खेळाडू का वाढत नाहीत. ‘हरेल तो टेबलचे पैसे देईल’ हा साधा रिवाजसुद्धा मी आता वेगळ्या नजरेनं बघतो. मी त्यातच वाढलो, त्यात मला कधी वावगं वाटलं नाही. पण रोज हरणारा तोच असतो, आणि म्हणजे शिकाऊ पोरगा शिकलेल्याच्या खेळाचं भाडं भरत असतो.

बाहेरून पैसा येतो का? येतो, पण आधी खेळाला अब्रू लागते. १९२७ साली जो डेव्हिसनं स्नूकरचं पहिलं जागतिक विजेतेपद जिंकलं तेव्हा त्याच्या हातात साडेसहा पौंड पडले. तिथून हा खेळ टीव्हीवर आणि मोठ्या बक्षिसांपर्यंत पोचला तो घराघरांत बघता येईल असा झाला म्हणून. आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला गेले आणि कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं वैयक्तिक खेळातलं पहिलं ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासासाठी लोकांनी वर्गणी दिली, त्यांच्या कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण ठेवलं. कोण कुणासाठी घर गहाण ठेवतं? ज्याचं कसब उघड्यावर बघितलंय त्याच्यासाठी. नाव लपवून खेळणाऱ्यासाठी कुठलं गाव वर्गणी काढेल? विल्सन जोन्स पुण्यात जन्मलेले. १९५८ साली कोलकात्यात जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेते झाले, कुठल्याही वैयक्तिक खेळातले भारताचे पहिले जगज्जेते. पंकज अडवाणीही जन्मानं पुण्याचे, पंचवीसहून अधिक जागतिक विजेतेपदं त्यांच्या नावावर आहेत. सांगलीपासून पुणं चार-पाच तासांवर. तरी आमच्याकडं एखादी आई आपल्या मुलाला म्हणत नाही की जा, त्यांच्यासारखा हो. कारण तिला दिसतो तो क्लबाचा काळ्या काचेचा दरवाजा आणि बाहेर उभी राहून हिशेब करणारी पोरं.

मुलींचं तर विचारूच नका. पंचवीस वर्षांत आमच्या क्लबात नियमित खेळायला आलेल्या मुली मी एका हाताच्या बोटांवर मोजू शकतो. या खेळाला ताकद लागत नाही. डोळा लागतो, हात लागतो, भूमितीचं डोकं लागतं. मग मुली का नाहीत? याच सांगलीत दुसरा एक टेबलावरचा खेळ आहे, डोक्याचा, शांत बसून खेळायचा. भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ उभं केलं, वर्षानुवर्षं स्पर्धा भरवल्या, आणि या गावातून स्वाती घाटेसारखी महिला ग्रँडमास्टर झाली. बुद्धिबळावरही जगात पैसे लावले जातातच. पण इथं मंडळानं त्याला रिवाज होऊ दिला नाही. तिथं पोराचं रेटिंग सगळ्या जगाला दिसतं. आपण किती पाण्यात आहोत हे झाकता येत नाही आणि झाकून फायदाही नाही. वर चढायचं तर जिंकावंच लागतं. हेच मला पूलमध्ये हवंय.

क्लब बंद करा म्हणणाऱ्यांना एकच आठवण देतो. २०१४ साली बैलगाडी शर्यतींवर बंदी आली. शर्यती थांबल्या का? पहाटेच्या अंधारात, आडरानात गेल्या. २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली तेव्हा त्या पुन्हा उजेडात आल्या, अटींसकट. क्लबाला टाळं ठोकलं तर टेबल कुठल्यातरी गोडाऊनमध्ये जाईल, आणि तिथं माझ्यासारखा कुणी काका फॉर्म घेऊन जाणार नाही.

आम्ही चौघांनी आमच्या क्लबमालकाला गळ घातली. तो आधी नाही म्हणाला, संध्याकाळची गर्दी तुटेल याची त्याला भीती होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती. काही जुनी गिऱ्हाईकं तुटली. आता टेबलचे पैसे दोघं अर्धे अर्धे देतात. दर तासामागं दहा रुपये एका डब्यात जातात आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी त्यावर स्पर्धा होते. पहिल्या महिन्यात ४,२०० रुपये जमले. एका रात्रीच्या पैजेत याहून जास्त रक्कम फिरते, हे मला माहीत आहे. काउंटरच्या मागच्या भिंतीवर एक काळा फळा लावलाय, त्यावर नाव आणि सलग घातलेल्या बॉलचा आकडा, मार्करच्या सहीनं. पहिल्या आठवड्यात फळ्यावर दोन नावं होती, आता अकरा आहेत. त्यांतलं एक नाव कॉलेजातल्या मुलीचं आहे, तिच्यासोबत तिचे वडील येतात आणि खुर्चीवर बसून पेपर वाचतात.

हळदीच्या पोत्यांवाल्याचा पोरगा परवा आला. बरेच दिवस दुसऱ्या क्लबात जात होता. फळ्यासमोर उभा राहिला, वरपासून खालपर्यंत वाचलं. मग मला विचारलं, “काका, सगळ्यात वरचा आकडा कुणाचा?” मी सांगितलं. सत्तावीस. तो काही बोलला नाही. क्यू उचलला नाही, पण घरीही गेला नाही. मार्करशेजारच्या बाकावर बसला आणि क्लब बंद होईपर्यंत टेबलाकडं बघत राहिला.